लेस्टरहून आलेले ब्रश

"वहिनी, यादी घ्या हातात आणि एकेक वस्तू तपासा. मागनं म्हणू नका, सदा विसरला," दीर म्हणाला आणि त्यानं आमच्या सोप्यात बॅग पालथी केली.

मी यादी हातात घेतली नाही. शाळा चौथीपर्यंत, तीही पास की नापास ते मास्तरांनाच ठाऊक. पण मी सांगितलेलं माझ्या डोक्यात असतं. दाढीच्या क्रीमच्या ट्यूबा, वाटीत बसणाऱ्या साबणाच्या वड्या, पात्यांची पाकिटं, दाढीनंतर लावायचं निळं पाणी, आणि सहा ब्रश. सगळं आलं होतं.

सदा माझा धाकटा दीर. मी कुरुंदवाडच्या या घरात सून म्हणून आले तेव्हा तो सात वर्षांचा होता, नाक बाहीला पुसणारा. त्याला मी न्हाऊ घातलं, शाळेला धाडलं, आणि तो इंग्लंडात लेस्टर गावी इंजिनिअर होऊन बसला. दोन-तीन वर्षांनी दिवाळीला यायचा. परदेशातला पाव्हणा आला की बायका सेंट मागतात, चॉकलेटं मागतात. मी दाढीचं सामान मागायची, कारण घराच्या पुढच्या खोलीत मालकांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, दुकान होतं. संकपाळ केशकर्तनालय, दोन खुर्च्या.

सदा हसायचा. "वहिनी, ही ट्यूब आमच्याकडं पेन्शनर म्हातारे वापरतात. वाण्याच्या दुकानात बटाट्याशेजारी पडलेली असते."

"असू दे. सांगलीत तीच काचेच्या कपाटात कुलपात ठेवतात. तुझे पेन्शनर तुला लखलाभ."

महागाचं आणायचं नाही, हे मी फोनवर बजावून सांगायची. महागाचं आणलं की उपकार होतात, स्वस्ताचं आणलं की नुसतं काम होतं. आणि मला कुणाचे उपकार सोसत नाहीत.

पण ब्रश मी ह्या खेपेला पहिल्यांदा मागवले. त्याला कारण झालं. आमच्या समोरच नवीन सलून निघालं होतं. काचेचं दार, आत गार हवा, भिंतभर आरसा, आणि फवाऱ्याच्या डब्यातून तोंडावर फस्सकन फेस. महिन्याभरात आमची एक खुर्ची रिकामी राहायला लागली. मालक त्या रिकाम्या खुर्चीत बसून सकाळी पेपर वाचायचे आणि दुपारी तोच पेपर पुन्हा वाचायचे. एक दिवस भाकरी मोडता मोडता म्हणाले, "दिवाळी झाली की मिरजेला भाच्याकडं खुर्ची मागावी म्हणतो." साठीला आलेला माणूस, बापाचं दुकान बंद करून भाच्याच्या हाताखाली उभा राहणार. मी म्हटलं, मी जिवंत असेपर्यंत नाही. ताटावरून उठून सदाला फोन लावला आणि गल्लीभर सांगून आले, की दिवाळीला लेस्टरहून ब्रश येतोय, मग बघा फेस कशाला म्हणतात ते.

आता ब्रशाचं एक सांगायला पाहिजे. आमच्या घरामागं मसजिद गल्ली. दुकानाचं अर्धं गिऱ्हाईक तिथलं. माझ्या सासऱ्यांनी रीत घालून दिली होती : दुकानात ब्रश घ्यायचा तो घोड्याच्या केसांचा, नाहीतर नायलॉनचा. डुकराच्या केसांचा ब्रश उंबऱ्याच्या आत आणायचा नाही. गिऱ्हाईक डोळे मिटून तोंड आपल्या हातात देतं, असं म्हणायचे ते. मालकांनी ही रीत कधी मोडली नाही. मसजिद गल्लीतल्या कुणी कधी विचारलंही नाही, कारण विचारायची वेळ आली नव्हती.

तर सदानं सहा खोकी माझ्यापुढं मांडली. मी एक उघडलं. हस्तिदंती रंगाची मूठ, हातात भरेल अशी, आणि वर दाट केस. मी ते गालावरून फिरवले. समोरच्याच्या फवाऱ्याचं आता काही खरं नाही, असं मला वाटलं.

तेवढ्यात वैजूनं, म्हणजे सदाच्या बायकोनं, मला आत बोलावलं. वैजू पुण्याची. तिकडं हॉस्पिटलात नर्स. हळू बोलते. हळू बोलणाऱ्या माणसांचा मला पहिल्यापासून राग आहे, त्यांचं ऐकायला आपल्याला मान वाकवावी लागते.

"आक्का, ते सहा ब्रश दुकानात देऊ नका," ती म्हणाली. "तिकडं स्वस्तातले सगळे डुकराच्या केसांचे असतात. ह्यांच्या लक्षात आलं नाही, यादीत होतं म्हणून उचलले. निघता निघता मी पाहिलं. मी हे दोन नायलॉनचे आणलेत, दादांना हे द्या."

तिनं त्या सहांतलं एक खोकं पुढं धरलं आणि अक्षरांवर बोट ठेवलं. "हे बघा, लिहिलंय."

"मला वाचता येत नाही ते दाखवायला आणलंस व्हय?"

"तसं नाही, आक्का."

"चाळीस वर्षं ह्या दुकानाचं सामान मी घेते. तू आपल्या दवाखान्यातल्या सुया सांभाळ."

तिनं खोकं खाली घेतलं. मग म्हणाली, "मी सांगू का दादांना?"

"दुकानातलं दादांना काय सांगायचं ते मी सांगते. ह्या घरात तशी पद्धत हाय."

तिनं ते दोन ब्रश ओट्यावर ठेवले आणि बाहेर गेली. मी त्यांच्याकडं पाहिलं. काळी प्लास्टिकची मूठ आणि टकलावर चार केस उरावेत तसे वर केस. असले ब्रश समोरच्याच्या दारासमोर ठेवून मी गल्लीत तोंड दाखवणार होते? मी ते डब्यांच्या मागं सारले.

वैजू खोटं बोलणारी बाई नाही हे मला तेव्हाही माहीत होतं. तिचं बोलणं मी धुडकावलं, पण ते मला पटलं नव्हतं असं नाही. पटलं होतं म्हणूनच त्या दुपारी मी सहाही खोकी पाण्याच्या बंबात घातली. मग ब्रश पदरात घेऊन दुकानात गेले आणि मालकांपुढं ठेवले. मालकांनी विचारलं, "घोड्याचेच न्हवं?" मी म्हटलं, "मग काय हत्तीचे?" ते हसले. त्यांनी मला दुसऱ्यांदा कधी काही विचारलं नाही, उभ्या आयुष्यात.

पहिला ब्रश भिजवला तसा त्याला वास आला. मालक म्हणाले, गोठ्यागत वास येतोय जरा. मी म्हटलं, त्या देशात ऊन नसतं, बंद खोक्यात दमट झालेत. सहाच्या सहा ब्रश मी रिठ्याच्या पाण्यात भिजवले, लिंबू चोळलं, दिवसभर उन्हात वाळवले. वास गेला.

आणि फेस काय येत होता! लेस्टरची क्रीम आणि तो ब्रश. वाटीत चार फेरे मारले की सायीसारखा वर चढायचा, गालावर बसला की हलायचा नाही. मालकांचा हात मूळचाच हलका. पहिल्या दिवशी चार जण आले, दुसऱ्या दिवशी त्यांनी दहा आणले. मसजिद गल्लीतली तरणी पोरं समोरच्या गार हवेतून उठून आमच्या बाकावर येऊन बसायला लागली. मालकांनी पेपर दुपारी वाचायचा सोडला. मिरजेचं नाव निघेना झालं. दाढी करताना ते जुनं भजन गुणगुणायला लागले, ते मी कैक वर्षांत ऐकलं नव्हतं. मी गरम पाणी घेऊन दुकानात जायची, बाकावरची गर्दी बघायची आणि समोरच्या काचेच्या दाराकडं मुद्दाम बघत उभी राहायची.

वैजूनं एकदा खिडकीत वाळत घातलेले ब्रश पाहिले. मग माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "काय बघतीस? कामं न्हाईत का घरात?" ती आत गेली.

त्या साली दिवाळी आणि रमजानची ईद एकाच आठवड्यात आली होती. फराळाचे डबे अजून भरलेले होते आणि मागच्या गल्लीत शेवया वाळत होत्या. ईदच्या आदल्या दिवशी आमच्या दुकानात पहिला मान उस्मानगुरुजींचा. गुरुजी म्हणजे मालकांच्या बरोबरीचे, दोघं एका ओढ्यात पोहायला शिकलेले. शाळेतून निवृत्त झालेले. त्यांच्या घरी पूर्वी अत्तराचा धंदा. त्या दिवशी ते एक कुपी आणून दुकानात ठेवायचे आणि मालक येईल त्या गिऱ्हाइकाच्या कानामागं अत्तराचं बोट लावायचे, मग तो कुठल्याही गल्लीचा असो. तो महिनाभर गुरुजी कोल्हापूरला लेकाकडं होते, त्यामुळं नवा ब्रश त्यांनी पाहिलेला नव्हता. शिकलेला माणूस, ब्रश ओळखेल म्हणून मला त्यांची एक काळजी होती, खोटं कशाला बोलू. पण पंधरा दिवस निभावले होते. सोळावाही निभावेल असं वाटलं.

गुरुजी आले तेव्हा बाक भरलेला होता. सात-आठ पोरं, सगळी त्यांच्याच हाताखाली शिकलेली. ती उठून उभी राहिली. गुरुजी खुर्चीत बसले. ते दाढी राखायचे, फक्त गाल आणि गळा साफ करून घ्यायचे. मालकांनी फेस केला आणि दोन्ही गालांना लावला. मी आतल्या दारात पाण्याचं भांडं घेऊन उभी होते.

"गोपाळ, सगळं गाव लेस्टर लेस्टर करतंय," गुरुजी म्हणाले. "बघू तरी तुझा विलायती ब्रश."

मालकांनी ब्रश झटकला, मूठ फडक्यानं पुसली आणि कौतुकानं त्यांच्या हातात दिली. गुरुजींनी खिशातला चष्मा काढून डोळ्याला लावला.

मुठीच्या बुडाशी बारीक सोनेरी अक्षरं होती. मी ती रोज बघत होते. मला वाटायचं, कंपनीचं नाव असेल. खोकी जाळली आणि हे तसंच राहिलं.

गुरुजींनी मूठ फिरवून वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. मग आरशातून मागच्या बाकावरच्या पोरांकडं पाहिलं. ब्रश त्यांनी सावकाश फळीवर ठेवला.

"टॉवेल दे, गोपाळ."

"अहो, आत्ता फेस लावलाय."

"घरी एक काम राहिलंय. येतो मी."

त्यांनी गाल पुसले, गळ्यातला मफलर तोंडावरून घेतला आणि पोरांना हसून सलाम करत ते पायऱ्या उतरून गेले. पोरांना काही कळलं नाही. ती ईदच्या कपड्यांचं बोलत होती. गुरुजींनी त्यांना काही कळू दिलं नाही. माझ्याकडं त्यांनी पाहिलंही नाही, कारण संशय घ्यावा असं माझ्याविषयी त्यांच्या मनात काही नव्हतं.

मालकांनी ब्रश उचलला. अक्षरं डोळ्याजवळ नेली. इंग्रजी त्यांनाही येत नव्हतं. त्यांनी आत हाक मारली, "सदा, जरा हिकडं ये."

मी म्हटलं, "गिऱ्हाईक खोळंबलंय. मागनं बघा."

"सदा."

सदा आला. मुठीकडं बघून म्हणाला, "प्युअर ब्रिसल."

"म्हंजे?"

सदानं आवाज खाली घेतला. "डुकराचे केस, दादा. पण वैजूनं पहिल्याच दिवशी वहिनींना..." आणि तो माझ्याकडं बघून थांबला.

मालकांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. एखादं गिऱ्हाईक खुर्चीत येऊन बसावं, ओळखीचं वाटावं आणि नाव आठवू नये, तसं पाहिलं. मग ते बाकाकडं वळले आणि म्हणाले, "आज दुकान बंद, पोरांनो. समोर जावा."

पोरं हसली. त्यांना चेष्टा वाटली. ईदच्या आदल्या दिवशी दुकान कोण बंद करतं? मालकांनी खुर्चीवरचं कापड काढलं, झटकलं, त्याची घडी घातली. तेव्हा पोरं उठली आणि एकामागं एक समोरच्या काचेच्या दारातून आत गेली. मी बघत राहिले.

"पायात घाल आणि चल," मालक मला म्हणाले.

गुरुजींचं घर गल्लीच्या टोकाला. ते अंघोळ करून ओल्या केसांनी बाहेरच्या खोलीत बसले होते. गाल तसेच, न केलेले. आत जैनबभाभी उद्यासाठी खलबत्त्यात बदाम कुटत होत्या. गुरुजींनी आम्हाला बसायला सांगितलं आणि मालकांनी तोंड उघडायच्या आधी तेच बोलले.

"गोपाळ, मी कुणाला बोललो नाही आणि बोलणारही नाही. तुझं दुकान आत्ता कुठं सावरतंय. तो ब्रश टाकून दे. आमच्यात नकळत झालेल्याचा गुन्हा नसतो. तुलाही नाही, त्या पोरांनाही नाही. संपला विषय."

विषय खरंच संपला होता. उठायचं, घरी यायचं, डब्यांच्या मागचे दोन ब्रश काढायचे आणि दुकान उघडायचं. मी उठायला गुडघ्यावर हात ठेवलासुद्धा. मालक उठले नाहीत.

"नकळत न्हाई झालं, गुरुजी," ते म्हणाले.

त्यांनी पुढचं बोलायच्या आधी मी बोलले. "धाकट्या जावेनं आणले, गुरुजी. ती तिकडची शिकलेली. आम्हाला काय कळतंय इंग्रजीतलं? मी चौथी शिकलेली अडाणी बाई."

माझ्या तोंडानं मी स्वतःला कधी अडाणी म्हणवून घेतलेलं नाही. कुणी म्हणायची हिंमतही केली नाही. त्या दिवशी मी ते भिकेच्या कटोऱ्यासारखं पुढं धरलं.

गुरुजी म्हणाले, "तेच मी म्हणतोय, वहिनी. तुम्ही कशाला वाईट वाटून घेता?"

"हिला म्हाईत होतं," मालक म्हणाले. "पंधरा दिवस."

आतला खलबत्ता थांबला.

चाळीस वर्षांत त्यांनी मला चारचौघांत कधी खाली पाहायला लावलं नव्हतं. मी लोकांना वाट्टेल ते बोलायची आणि ते मागं उभे राहून माझी बाजू धरायचे. सासऱ्यांपुढं धरली, भावकीपुढं धरली. गुरुजींनी माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. बोलले असते तर मी उत्तर दिलं असतं. ते मालकांकडं वळले.

"मग पोरांना सांगावं लागेल, गोपाळ. उद्या नमाजाला उभी राहतील ती."

"मी सांगतो. पंधरा दिवसांत कोण कोण माझ्या खुर्चीत बसलं, सगळी तोंडं आठवतात मला."

"मी येतो बरोबर."

"नको. तुमचा रोजा हाय. आणि हात माझा होता."

बाहेर आल्यावर गल्लीत मी म्हटलं, "परक्याच्या घरात माझी लाज घालवलीत."

"तू घरी जा," ते म्हणाले, आणि समोरच्या पहिल्या दाराची कडी वाजवली.

मी घरी आले. वैजू दारातच उभी होती. तिला सदानं सगळं सांगितलेलं दिसत होतं. तिनं काही विचारलं नाही, नुसती बाजूला झाली मला आत जायला. त्यानंच माझं डोकं फिरलं.

"तुझ्यामुळं झालं हे," मी म्हटलं. "स्वयंपाकघरात येऊन कुजबुजलीस. तोंड होतं न्हवं तुला? सोप्यात उभी राहून मोठ्यानं सांगायला काय झालं होतं?"

तिनं भांडायला पाहिजे होतं. मी वाटच बघत होते. भांडण झालं असतं तर मला बरं वाटलं असतं.

"चुकलं, आक्का," ती म्हणाली.

महिनाभर राहायला आलेली ती दोघं ईदनंतर चौथ्याच दिवशी गेली. सदाचा दिवाळीला फोन येतो, हवापाणी विचारतो. वैजू त्यानंतर या घरात आली नाही.

मालक बांग झाल्यावर परत आले. चौदा घरं केली म्हणाले. कोण काय बोललं ते मी विचारलं. "कुणी काय बोललं न्हाई," एवढंच सांगितलं. मी वाढलं, ते जेवले. चटणीला मीठ कमी आहे हेसुद्धा नेहमीसारखंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी ईद झाली, दुकान बंद होतं. तिसऱ्या दिवशी ते एकटेच बस पकडून सांगलीला गेले आणि दुपारी परत आले.

दुकान उघडलं, पण बाकावर कुणी नव्हतं. लोक रस्त्यानं जाताना मालकांना नमस्कार करायचे, हात वर करून "नाना, बरं हाय का?" विचारायचे आणि समोरच्या दारातून आत जायचे. कुणी एक शब्द वावगा बोललं नाही. मालक खुर्चीत बसून पेपर वाचायचे.

आठव्या दिवशी सकाळी उस्मानगुरुजी आले. गालांवर आठ दिवसांचे खुंट. ते खुर्चीत बसले आणि त्यांनी मान मागं टाकून डोळे मिटले. मालकांनी कापड बांधलं. सांगलीहून आणलेला साधा ब्रश वाटीत फिरवला. मी पाणी घेऊन आतल्या दारात उभी होते.

मालकांनी ब्रश गालाजवळ नेला तेव्हा गुरुजींनी हात वर करून तो थांबवला. डोळे उघडले नाहीत.

"गोपाळ, हा तू स्वतः जाऊन आणलास ना?"

"मी."

"मग लाव."